घट कोणाच्या नावे

मालकांच्या घरी माझं काम एवढंसंच होतं. अंगठा घ्यायचा आणि परत यायचं. पिशवीत कारखान्यातला टॅब होता आणि त्याला जोडायचं काडेपेटीएवढं यंत्र. त्याच्या काचेवर अंगठा ठेवला की खालून हिरवा उजेड येतो. संध्याकाळ कलली होती, धुकं खाली उतरलं होतं आणि त्यांच्या गल्लीतली वीज गेली होती. दार त्यांनीच उघडलं. घरात दुसरं कोणी दिसलं नाही. बैठकीच्या खोलीत टेबलावर एक जाड मेणबत्ती जळत होती, आमच्याच कारखान्यातली.

"या बाई. या वेळेला कशा? मशीन बंद पडलं की काय?"

"नाही साहेब. मशीन बंद पडत नाही, हीच अडचण आहे."

ते हसले. "अशी अडचण प्रत्येक मालकाला मिळो. बसा. चहा केलाय आत्ताच." त्यांनी स्वतः दोन कप भरले आणि समोरच्या खुर्चीत टेकले. "बाई, मेणबत्ती जरा जवळ घ्या. तोंड दिसत नाही तुमचं."

मी मेणबत्ती माझ्याकडे ओढली. वितळलेल्या मेणाचा वास नाकात शिरला. हा वास गेले काही दिवस आमच्या घरात दादाच्या अंगाला येत होता. दादा तर कितीतरी दिवसांत कारखान्याकडे फिरकलाही नव्हता.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढे कोणी मला विचारलंच तर माझं उत्तर तेवढंच आहे.

आमचा कारखाना मेणबत्त्यांचा. कढईत मेण वितळतं, नळीतून साच्यांत जातं, गार होतं, बाहेर येतं. जेवढं मेण आत जातं तेवढं कधीच बाहेर येत नाही. थोडं सांडतं, थोडं नळीला चिकटतं, थोड्या मेणबत्त्या वाकड्या निघतात. त्याला आम्ही घट म्हणतो. शिवाय मशीन मधूनमधून अडतं. साचा अडकतो, वात तुटते, वीज जाते. तो खोळंबा. आमच्याकडे घट आणि खोळंबा दोन्ही इतके वाढले होते की मालकांनी सांगून टाकलं, महिनाभरात फरक दिसला नाही तर कुलूप. त्यासाठीच ते नवं सॉफ्टवेअर आलं. मी हिशेबाच्या खोलीत बसणारी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

ते शिकवायला आलेला माणूस पोपटासारखा बोलायचा, म्हणून सगळे त्याला पोपटच म्हणत. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, एक लक्षात ठेवा. घट नाहीशी होत नाही. ती कुठेतरी जातेच. आपण फक्त ती कोणाच्या नावे गेली ते लिहितो."

आणि खरंच पडद्यावर तसा रकाना होता. 'घट व खोळंबा कोणाच्या नावे?' नाव भरून त्या माणसाचा अंगठा घेतल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

झालं, भांडणांना तोंड फुटलं. मेण ओतणारा म्हणाला वातवाल्याची चूक, वातवाला म्हणाला साचे जुने, साचेवाल्यानं सरळ हात झटकले. कोणीच अंगठा द्यायला तयार होईना आणि तिकडे महिना सरत चालला होता. शेवटी माझा दादा पुढे झाला. तो तिथला फोरमन. दार अडेल असा आडवा देह आणि जेवायला बसला की वहिनी आधीच दुसरा तवा चढवून ठेवायची.

"सगळं माझ्या नावे टाक गं छोटे," तो म्हणाला. "कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणारच आहे ना? माझं डोकं मोठं आहे."

सगळे हसले. मीसुद्धा. दादानं अंगठा ठेवला आणि हिरवा उजेड आला.

दुसऱ्या दिवसापासून घट शून्य. म्हणजे खरोखर शून्य. जेवढं मेण आत, तेवढं बाहेर, एक थेंब कमी नाही. मशीनही अडेना. लोकांना वाटलं वजनकाटा बिघडला, म्हणून आम्ही तो प्रमाण वजनं ठेवून तपासला. काटा बरोबर होता. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी घरी जाताना दादा शीळ घालत होता.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वहिनीच्या. जेवताना दादा काहीतरी सांगत होता आणि मध्येच थांबला. घास हातात, तोंड अर्धं उघडं, डोळे समोर. वहिनीला वाटलं चेष्टा करतोय. तिनं हाक मारली, मग दंडाला धरून हलवलं. पापणीसुद्धा हलली नाही. श्वासही चालू नव्हता. ती रडायला लागली, मी पाणी आणायला धावले, आणि तेवढ्यात दादानं जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे उचललं, अगदी त्याच शब्दावरून. "काय झालं? रडतेयस का?" त्यानं विचारलं.

मग हे रोजचंच झालं. नळाखाली हात धरून उभा. जिन्यावर एक पाय उचललेला. कधी क्षणभर, कधी इतका वेळ की आम्ही दोघी त्याच्या छातीला कान लावून बसायचो. आणि अंग तर नुसतं उतरत चाललं होतं. भाकरी तेवढीच खायचा, पण पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली, मग पट्टाच बदलावा लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "काही सापडत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आमच्यापेक्षा घाबरलेला होता.

मालकांनी इथे मला अडवलं. "बाई, मधुमेह असेल. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाचं मी बघतो."

"साहेब, त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पानं आहेत," मी म्हणाले. "तुम्ही बघता ते मशीनचं. त्यात सगळी शून्यं. दुसरं नावाचं. ते आजवर कोणी उघडलंच नव्हतं."

मी उघडलं होतं. दादाच्या नावापुढे रोजची घट होती, पूर्वी मशीनमध्ये व्हायची तेवढीच. रोजचा खोळंबाही होता, वेळेसकट आणि कारणासकट. 'साचा अडकला', आणि त्याच वेळी दादा जिन्यावर उभा राहिला होता. 'वीज नाही', आणि त्याच वेळी त्याच्या हातात घास होता. मी कारखान्यात मशीनसमोर उभी राहून बघितलं. मशीन खडखड चालू होतं, मेणबत्त्या धडाधड पडत होत्या आणि पडद्यावर खोळंबा वाढत होता. मी घरी फोन लावला. "परत थांबलेत," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे बघताबघता थांबलेत..."

मी दादाला कारखान्यातून सोडवलं, घरी बसवलं. काही फरक पडला नाही. एक दिवस मी ते सॉफ्टवेअर ज्यावर चालायचं तो हिशेबाच्या खोलीतला संगणकच बंद करून टाकला. त्या दिवशी दादा उठलाच नाही. डोळे सताड उघडे, अंग गार, आणि त्याला मेणाचा वास. मी अनवाणी धावत जाऊन संगणक पुन्हा सुरू केला. तेव्हा कुठे त्यानं श्वास घेतला. तेव्हापासून ते बटण कोणाचा हात लागून बंद होऊ नये म्हणून मी त्यावर पुठ्ठा चिकटवून ठेवलाय.

पोपटाला फोन केला. रडले, ओरडले, हातापाया पडले म्हणा ना. तो म्हणाला, "ताई, नाव काढता येत नाही. रकाना रिकामा ठेवता येत नाही. बदलता येतं." मी लगेच माझं नाव घातलं, अंगठा ठेवला. लाल उजेड आला. 'हुद्दा पुरेसा नाही.' फोरमन किंवा त्याच्या वरचा माणूस हवा होता. वहिनी म्हणाली माझं घाला, पण ती तर कारखान्याचीच नव्हती. आणि फोरमनच्या वर आमच्याकडे एकच माणूस होता.

माझं सांगून झालं. बाहेर धुक्यात एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

"म्हणजे तुम्ही माझा अंगठा मागायला आलात," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि तुमचं म्हणणं, तो दिला की तुमच्या दादाचं दुखणं माझ्या अंगावर येईल."

"मला माहीत नाही. पण मला तसं वाटतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी उठून जाईन." हे मी खोटं बोलले. मी उठले नसते. मी त्यांचे पाय धरले असते, भिंतीवर डोकं आपटलं असतं. मला फक्त दादा हवा होता. सकाळी त्याला उशीवरून उचलून बसवलं होतं, एका हातानं, लहान पोराला उचलावं तसं. तो माझ्याकडे बघून हसला होता, आणि हसताहसताच थांबला होता. मी निघाले तोवर ते हसू तसंच होतं. वहिनी घरातले सगळे दिवे लावून त्याच्या उशाशी बसली होती. अंधारात तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मालकांनी मान हलवली. त्यांना माझी कीव आली होती, ते स्पष्ट दिसत होतं. "बाई, तुम्ही दमलात. दिवसभर आकडे, घरी आजारी माणूस. कोणाचंही डोकं फिरेल." मग ते हसले, चांगल्या मनानं हसले. "आणा ते यंत्र. तुमच्या जिवाला बरं वाटत असेल तर दहा अंगठे घ्या."

मी टॅब काढला. जुन्या नावावर काट मारली, नवं घातलं, यंत्र पुढे केलं. त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे आणला. त्या क्षणी मला ते यंत्र मागे घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

हिरवा उजेड आला.

काहीच झालं नाही. त्यांनी अंगठा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उचलला. "बघा. आहे ना मी धडधाकट? अहो, या कारखान्यानं आमच्या घराचं काय काय बघितलंय. वडिलांनी सुरू केला तेव्हा शेड नव्हती, मशीन नव्हतं. मेण वितळवायला घरातलीच एक—"

कप ओठांपाशी होता. वाफ त्यांच्या चेहऱ्यावरून वर जात होती.

"साहेब?" मी म्हणाले.

वाफ जात राहिली, मग विरळ झाली. डोळे माझ्यावरच होते, अजून थोडे हसरे. टॅबवर पान आपोआप उघडलं होतं. 'कारण निवडा.' मी त्या यादीकडे नुसती बघत बसले. साचा अडकला. वात तुटली. वीज नाही...

फोन वाजला. वहिनी रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं. "उठलेत! आपणहून उठून बसलेत गं. मला म्हणाले भूक लागलीय. अंगात ऊब आहे..."

मी खाली फरशीवरच बसले आणि तोंडावर हात दाबून रडले. समोरच्या माणसाची मला काही पडली नव्हती. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"दे, दादाकडे दे," मी म्हणाले.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग दादाचा श्वास, भरदार, पूर्वीसारखा. आवाजही त्याचाच होता.

"—कढई होती," तो म्हणाला. "आणि आई ती एकटी ढवळायची. तिचे हात कायम पोळलेले असायचे."

आमची आई उभ्या जन्मात कारखान्यात गेली नव्हती.

"दादा?" मी म्हणाले. "दादा, मी छोटी बोलतेय..."

वर खुर्चीत मालक तसेच होते, कप ओठांशी धरून. फोनमध्ये वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता, ती घाईघाईनं जेवण वाढत होती. मागे घरातले सगळे दिवे जळत असणार, हे मला ठाऊक होतं.

"बाई," दादा म्हणाला, "मेणबत्ती जरा जवळ घ्या. तोंड दिसत नाही तुमचं."