पालथा कप

बंगलोरला आमच्या मारतहळ्ळीच्या घरात केबलवर सगळं जग दिसायचं. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, शिवाय एका चॅनेलवर दिवसभर दागिने विकणारी बाई. मराठी तेवढं दिसायचं नाही. केबलवाल्या नागराजला मी दर महिन्याला विचारायची आणि तो दर महिन्याला मान हलवून म्हणायचा, "नोडोणा, मेडम." म्हणजे बघू. त्याचं बघणं संपेना आणि आमचं सुरू होईना.

म्हणून आम्ही मालिका वाचायचो. हसू नका. अठ्ठ्याण्णव साल होतं, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन हजार सालाच्या तारखांच्या भानगडी निस्तरत होते आणि ऑफिसात ईमेल फुकट होती. 'चिंचेखालचं घर' या मालिकेवर जीव टाकणाऱ्या माणसांची एक मेलिंग लिस्ट होती. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. मस्कतची सुखदा, ह्यूस्टनचा एक दातांचा डॉक्टर, मेलबर्नचं एक म्हातारं जोडपं, आमच्याच ऑफिसातला नागपूरकर मल्हार आणि मी. शिवाय नुसतेच वाचणारे कितीतरी. स्वतःला आम्ही चिंचकर म्हणवून घ्यायचो.

चिंचकरांची एक रीत होती. ज्याला मालिका दिसते त्यानं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती लिहायची. दर गुरुवारच्या भागाचं हे काम चंपाताई करायची. ती पुण्याची आहे असं सगळे धरून चालले होते. प्रत्येक भागाची सुरुवात ती एकाच वाक्यानं करायची: "या, बसा. पाट मांडलेत." मग आम्ही कोण कुठे बसून वाचतोय आणि समोर खायला काय आहे ते कळवायचो. मस्कतहून चिवडा यायचा, मेलबर्नहून बिस्किटं. वेडेपणाच, पण त्या पाच मिनिटांत घरी गेल्यासारखं वाटायचं. मला तरी वाटायचं.

मी त्या मेलची छापील प्रत काढून घरी आईसाठी न्यायची. माझ्यापेक्षा तिलाच मालिकेची जास्त ओढ. मालिकेतल्या माईचा मुलगा परसू घर सोडून गेलेला असतो आणि माई चिंचेखाली बसून त्याची वाट बघते. आमचा नंदूही कितीतरी वर्षांपूर्वी असाच गेला होता. माझा धाकटा भाऊ. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, निळी पिशवी उचलली आणि चालता झाला. पत्र नाही, निरोप नाही. बाबा गेले तेव्हाही आला नाही. कराडचं घर सोडायला आई तयारच नव्हती. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" एवढंच म्हणायची. शेवटी तिचे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी कुलूप लावलं आणि तिला इकडे घेऊन आले.

इथे तिला करमायचं नाही. समोर अर्धवट इमारती, रस्त्यावर सिमेंटची धूळ, खाली भाजीवाल्याशी बोलायचं तर "स्वल्प कमी कर" एवढंच काय ते येई. एकच आधार म्हणजे खालच्या मजल्यावरची शिवलीला. ती निपाणीकडची, मराठी कन्नड दोन्ही फडाफडा बोलणारी. पण तिच्यापाशीही आईनं नंदूचं नाव कधी काढलं नाही. ती जखम तिनं कुणालाच दाखवली नव्हती. शनिवारी दुपारी मात्र ती पदर खोचून माझ्यासमोर बसायची. "हं, वाच. आला का तो?"

"नाही गं. अजून पत्ताच शोधतोय. माईनं मधे घर बदललंय ना."

"मग कुणीतरी सांगा की त्याला!" आई खरंच चिडली. "लिही त्या तुझ्या चंपाताईला. म्हणावं, माईचं घर सापडत नसेल तर आमच्याकडे ये. चार घास इथेही आहेत."

मला हसू आलं. पण सोमवारी मी ते जसंच्या तसं लिस्टवर लिहिलं. लिस्टवर अशी थट्टा चालायचीच. परसूला आईचं आमंत्रण, बंगलोरच्या शिवाजीनगरहून मारतहळ्ळीची बस पकड, तळ्याच्या अलीकडे उतर, सोनचाफ्याच्या झाडाशेजारची इमारत, वरचा मजला, हिरवं दार. आई चिंचेची आमटी करील. सुखदानं मस्कतहून लिहिलं, "मी पण येते, परसूला एकट्याला आमटी नको."

पुढच्या भागात परसू दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसला.

"बघ, सुचेता, तुझ्याकडेच निघालाय!" सगळ्यांनी धमाल उडवली. मलाही मजा वाटली. चंपाताईनं मला खूश करायला दोन ओळी घुसडल्या असणार. मी वाचून दाखवलं तेव्हा आई हसली नाही. ती नुसती पुढे सरकून बसली.

त्यानंतरच्या भागात परसू एका स्टेशनवर चहा पितो. चंपाताईनं लिहिलं होतं, "चहा बशीत ओतून पितो. पिऊन झाला की कप बशीत पालथा घालतो. आणखी कुणी ओतू नये म्हणून."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ही नंदूची खोड. लहानपणापासूनची. आई त्याला रागवायची, "मेल्या, पाहुण्यांसमोर तरी सरळ ठेव." हे मी लिस्टवर कधी लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

आई खिडकीबाहेर बघत होती. "निळी पिशवी आहे का गं त्याच्याकडे?"

मी कागदावर बघितलं. होती.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. मी काही अंगात येणाऱ्यांच्या घरातली नाही. दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. चूक असते तिथे कारण असतं, सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढं मला कळतं.

दिवाळीला मल्हार नागपूरला जाऊन आला आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. हातातला चिवड्याचा डबा तसाच.

"सुचेता, एक सांगू का? आपली मालिका बंद झाली ना."

"कधी?"

"गणपतीच्या आधीच. मी गुरुवारी मोठ्या हौसेनं टीव्हीसमोर बसलो, तर वहिनी हसायला लागली. म्हणे भाऊजी, ती तर कवाचीच संपली. परसू आलाच नाही म्हणे. माई वाट बघतच राहते, तिथंच संपवली."

"मग चंपाताई काय लिहितेय?"

मल्हारनं डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तेच विचारायला आलो ना बाप्पा."

आम्ही लिस्टवर विचारलं. कुणी बघतं का हो ही मालिका? उत्तरं यायला लागली. मस्कतला दिसत नाही. ह्यूस्टनला दिसत नाही. मेलबर्नच्या आजींना वाटत होतं आम्ही बंगलोरवाले बघतो. प्रत्येकाला वाटत होतं बाकीचे कुणीतरी बघताहेत. अख्ख्या चिंचकरांत बघणारं एकही माणूस नव्हतं. घराबाहेर पडलेल्यांचीच ती लिस्ट. घरी राहिलेल्याला तिची काय गरज?

मी चंपाताईला वेगळी मेल केली. मालिका बंद झाली आहे, तुम्ही कुठून लिहिता?

उत्तर लगेच आलं. "बंद झाली ती टीव्हीवरची."

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग पुढचा भाग कधी?"

"आई, अगं मालिकाच नाहीये! कुणीतरी मनानं लिहितंय. आपली थट्टा चाललीय."

"करू दे थट्टा. येतोय ना तो?"

"कोण येतोय?" मी ओरडलेच. "परसू? नंदू? कोण?"

तिनं लसणाची साल हातानं गोळा केली. "सुचे, तुला तो यायला नको आहे का?"

मला हवाच होता. मरणाचा हवा होता. रस्त्यात कुणी खांदे पाडून चालताना दिसला की अजूनही मी मागे वळून बघायची. पण हा असा, कुणाच्या तरी मेलमधून येणारा, मला नको होता. मी घरी कागद आणायचं बंद केलं. ऑफिसात वाचायची आणि पुसून टाकायची. भागात परसू बंगलोरला उतरला होता. शिवाजीनगरच्या स्टँडवर बस विचारत होता. एका हॉटेलात त्यानं चहा घेतला आणि कप पालथा घातला.

घरी गेले तर आईनं चिंच भिजत घातली होती.

"आज काय विशेष?"

"शिवाजीनगरला आलाय ना तो," आई म्हणाली. "आता किती वेळ लागणार?"

मी हातातली पर्स तशीच धरून उभी राहिले. तिला मी एक अक्षर वाचून दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून आई दाराला कडी लावू देईना. मी लावली की ती काढायची. मी शिवलीलाला सांगून ठेवलं, जरा लक्ष ठेवा हो अक्का, आईचं मन ठिकाणावर नाही. ती म्हणाली, "सरी, सरी. बरं. मी हायच की घरात." रजा मागितली ती मिळाली नाही. गुरुवार उजाडला. निघताना आई नऊवारी नेसून बसली होती, ठेवणीतली, जांभळ्या काठांची.

"कुठे निघालीस?"

"मी कुठे जातेय? तू जेवणाच्या वेळेला जेव. तशीच राहतेस." आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला लसणाचा वास होता.

दुपारी चंपाताईची मेल आली. या, बसा, पाट मांडलेत. त्याखाली एकच ओळ होती.

"परसू जिना चढतोय."

मी रिक्षा केली. विमानतळाच्या रस्त्यावर गाड्या अडल्या होत्या. ड्रायव्हर शांतपणे विडी ओढत होता. मी त्याला मराठीत शिव्या घातल्या, त्याला कळल्या नाहीत.

हिरवं दार उघडं होतं.

घर आवरलेलं. चिंचेच्या आमटीचा वास. मोरीपाशी दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. दारामागे आईच्या चपला नव्हत्या.

टेबलावर दोन कप. एक आईचा, अर्धा प्यालेला.

दुसरा बशीत पालथा.

मी त्याला हात लावला. अजून कोमट होता.

खाली धावले. शिवलीला दारातच तांदूळ निवडत बसली होती. "आई? आत्ताच गेल्या की. मी विचारलं, कुठं निघालात, तर म्हणाल्या, घरी. लई खुशीत होत्या. गुडघ्याचं नाव नाही, पोरीवानी उतरल्या बघा जिना." मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "काय हो सुचेता, भाऊ आहे म्हणून कधी बोलला नाहीत? थेट तुमच्यावर गेलाय. फक्त लई लहान दिसतोय वयानं."

नंदू गेला तेव्हा कॉलेजात होता.

पोलिसांत दिलं. फोटो लावले. कराडच्या घराचं कुलूप तसंच होतं, मी स्वतः जाऊन बघितलं, आत फक्त धूळ. मल्हार माझ्याबरोबर तळ्याभोवती फिरला, शिवाजीनगरच्या स्टँडवर फिरला. शेवटी तोही दमला. लिस्टवरची माणसं एकेक करून निघून गेली. भ्यायली असतील. मी नाही निघाले.

कारण भाग येत राहिले.

माई आणि परसू आता घरी असतात. कुठल्या घरी ते चंपाताई लिहीत नाही. चिंच आहे, ओसरी आहे. माईचे गुडघे दुखत नाहीत. परसूला ती आता रागवत नाही, कप पालथा घातला तरी. एका भागात तिनं लसूण सोलता सोलता विचारलं, "पोरगी वेळेवर जेवत असेल का रे?" मी ऑफिसात सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मला कारण नको होतं. चूक कुठे आहे ते शोधायचं नव्हतं. मला आई हवी होती. आई कशी बसायची ते मला आता कळलं, पुढे सरकून, श्वास रोखून.

मीच एकदा चंपाताईला लिहिलं. आईला सांगा, मी एकटी आहे. पत्ता तोच आहे. हिरवं दार.

मग पुढच्या भागात माईनं परसूला म्हटलं, "चल, तिला घेऊन येऊ." दोघं गाडीत बसली. मग शिवाजीनगरच्या स्टँडवर उभी राहिली. आज पुन्हा गुरुवार. मी ऑफिसला गेले नाही, मेल बघितलेली नाही. कडी काढून ठेवली आहे. दुपारचं ऊन ओट्यावर आलंय. चिंचेची आमटी उकळली आणि मी चहाचं आधण ठेवलं. दूध घालताना लक्षात आलं, हातानं तिघांचा टाकलाय.

खाली जिन्यापाशी शिवलीलाचा आवाज येतोय. कुणाशी तरी हसून बोलतेय.

"या, या! लई दिवसांनी? जावा की वर. घरातच आहे ती."