दहापर्यंत

कराडहून आलेल्या सांगलीच्या बसमध्ये मी पलूसला चढले. गावाबाहेर बस उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली आणि शेजारच्या माणसाच्या हातातली, औषधाच्या बाटल्यांची चित्रं डोकावणारी कागदाची लांब गुंडाळी तिसऱ्यांदा माझ्या खांद्यावर आपटली.

"अहो औषध कंपनीवाले, तुमची जाहिरात जरा आवरा!"

तो हसला. "तुम्ही डॉक्टर वाटतं?"

"पलूसच्या दवाखान्यात. आणि रविवार असून सांगलीला निघालेय! हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना कसं शिकवावं, ते आम्हाला शिकवायला कुणी दीडशहाणा येतोय. तोही फुकट... रिकामटेकडा असणार."

"असणारच," तो गंभीरपणे म्हणाला.

तासाभरानं तोच फळ्यापुढे उभा! डॉक्टर मानसिंग धायगुडे — खंडाळ्याचा, नुकताच सैन्यातून परतलेला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. त्यानं माझ्याकडे पाहून गुंडाळी उलगडली आणि "माझी जाहिरात," असं हळूच म्हणाला. आगाऊ कुठला!

पण मग तो बोलू लागला. "शिकाऊ होतो तेव्हा पेशंटसमोर लय बोलणी खाल्ली. एकदा एका बाईला भलतंच औषध चाललेलं दिसलं, आणि मी... भीतीनं गप्प बसलो. ती बाई गेली." एवढंच. त्यासाठी हा माणूस दर रविवारी गावोगाव फिरत होता. पांढऱ्या केसांचे डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. मी तर बघतच राहिले.

"आपल्या शिकाऊला विचारा, त्याला काय वाटतं," तो म्हणाला, "आणि मनात दहापर्यंत मोजा. तोवर तोंड उघडायचं नाही."

मला आमची अंजना आठवली. पंधरा दिवसांपूर्वी मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं. तेव्हापासून पोर माझ्यासमोर अवाक्षर बोलत नव्हती, आणि डॉक्टरकी सोडून घरी जाते असा अर्ज तिनं माझ्या टेबलावर ठेवला होता. निघताना मी हे त्याला सांगितलं. वाटलं, आता हा मला झापणार. तो नुसता म्हणाला, "मोजून तर बघा."

सोमवारी राहीबाईंच्या खाटेपाशी उभी राहिले. तीन दिवसांचा ताप. "अंजना, तुला काय वाटतं?"

एक... दोन... सहाला माझी जीभ नुसती वळवळत होती. नऊला ती पुटपुटली, "बाई, यांच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे. काल खिडकीपाशी बघितला."

कावीळ! माझ्या नजरेतून साफ सुटली होती.

"आवं, ही पोर रोज येऊन इचारती मला," राहीबाई म्हणाल्या. "तुमीच तेवढं न्हाई इचारत!"

त्या दिवशी अंजनानं टेबलावरचा अर्ज स्वतःच उचलून फाडला. एवढंसं ते मोजणं, आणि त्यानं एक डॉक्टर वाचली. मी मानसिंगला पत्र लिहिलं. उत्तर आलं — 'साताऱ्याच्या वर्गाला शिकवणारं माणूस कमी पडतंय. येता?'

गेले. दिवसभर शिकवलं. पहिल्याच तासाला मी एका थोरल्या डॉक्टरांना मध्येच तोडलं, तेव्हा तो मागच्या बाकावरून बोटं मोजून दाखवत होता. संध्याकाळी तो स्टँडवर सोडायला आला. अजिंक्यताऱ्यावर ऊन रेंगाळत होतं.

"गुणमालाबाई, नुसतं शिकवायलाच आलात?"

आणि तो गप्प झाला. डोळे हसत होते, ओठ घट्ट मिटलेले. मी ओळखलं — हा मोजतोय! मीही मोजू लागले. तीनला माझ्या वडिलांचा, आप्पांचा चेहरा दिसला. आम्ही सांगलीचे जैन, हा खंडाळ्याचा मराठा... घरात काय वादळ उठेल! पाचला वाटलं, उठू दे. आजवर मी बोलले की समोरचे गप्प व्हायचे. माझ्या बोलण्याची एवढी वाट कुणी पाहिली होती?

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यासाठी आले. सातलाच बोलले बघा!"

त्यानं मोठा श्वास सोडला. "तुम्ही लय सावकाश मोजता," तो म्हणाला. "मी एकतीसवर होतो... आणि पुढंही मोजणारच होतो."