लसीचं हळदीकुंकू

बाबर वहिनींच्या हळदीकुंकवाला यंदा पुरुषांनाही बोलावणं होतं. कुंकू नको तर नका लावू, पण हॉलमध्ये तासभर बसा आणि मोकळा श्वास घ्या, असा निरोप होता. पुरुष आले, पंख्याखालच्या जागा धरून बसले आणि तिळगुळाच्या ताटावर नजर ठेवून इमानेइतबारे श्वास घेत राहिले. बायका नेहमीसारख्या डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. आरोग्य केंद्राला या वेळी नेमकं तेच हवं होतं.

कराडजवळच्या या चौसष्ट घरांच्या कॉलनीत ‘पसरती लस’ आली होती. सिस्टरांनी थेंब टाकले फक्त दोघींच्या नाकात, त्यांतल्या एक बाबर वहिनी. बाकीच्यांना लस त्या दोघींच्या श्वासातून मिळायची होती.

“थेंबांत नदीपलीकडे पसरलेल्या पाचदिवशी तापाचाच विषाणू आहे,” आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आधीच्या सभेत समजावलं होतं, “पण दात-नखं काढलेला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला पकडतात, त्याची ओळख ठेवतात आणि त्याच्या मापाची प्रतिपिंडं घडवून ठेवतात. खरा विषाणू आला की त्याला दारातच धरतात. आणि लस घेतलेल्याच्या श्वासातून हा दुबळा विषाणू शेजारच्याकडे जातो, तिथून पुढच्याकडे, आणि नऊ दिवसांत सगळ्या कॉलनीला शिकवून विरून जातो.”

“म्हणजे एकीला सांगायचं आणि सगळ्यांना कळायचं,” वहिनी म्हणाल्या. “मग आमच्या कॉलनीला नऊ दिवस कशाला लागतात!”

सभेत हशा पिकला. मग डॉक्टरांनी एक अट सांगितली. कॉलनीत एखाद्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असेल, तर त्याच्यासाठी हा दुबळा विषाणूही जिवावरचा. असा एकजण जरी निघाला तरी थेंब द्यायचे नाहीत. सगळ्यांनी साध्या इंजेक्शनची वाट पाहायची, चार महिने.

प्रत्येक घराचा फॉर्म भरायचा होता. कॉलनीत कोणाचं काय दुखतं हे वहिनींना दुखणाऱ्याच्या आधी कळतं अशी त्यांची ख्याती. त्यांनी चौसष्ट फॉर्म एका बैठकीत स्वतःच भरले आणि सभेत धडाधड वाचून दाखवले. “देसाई, काही नाही. कदम, काही नाही. जगदाळे, काही नाही.”

मागच्या रांगेत बसलेली रोहिणी जगदाळे काहीच बोलली नाही.

तीन वर्षांपूर्वी, इथे राहायला येण्याआधी, पुण्यात तिचं मूत्रपिंड बदललं होतं. नणंदेने आपलं दिलं होतं. रोहिणीच्या पांढऱ्या पेशींनी त्या परक्या मूत्रपिंडावर तुटून पडू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन त्यांना गुंगीत ठेवावं लागे. गुंगीतल्या पहारेकऱ्यांना बिनदाताचा चोरही पुरेसा असतो.

तरी ती गप्प बसली, कारण नदीपलीकडच्या गावात सतरा मुलं तापाने आडवी झाली होती आणि सभेत तिच्या पुढच्याच रांगेत तीन तान्ही पोरं आयांच्या मांडीवर होती. शिवाय तिला इंजेक्शनही नीट लागू पडलं नसतं. भोवतालचे सगळे सुरक्षित झाले, तरच ताप तिच्यापर्यंत पोचणार नव्हता. पुढे हीच माणसं तिच्याभोवतीची भिंत होणार होती. फक्त आधीचे नऊ दिवस त्यांच्यापासून लांब राहायचं होतं.

नवऱ्याला, सुहासला, तिने धरणाच्या गेस्ट हाऊसवर धाडलं. नऊ दिवसांचं भाजी-दूध आणून ठेवलं, खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली. मनातला हिशोब चोख होता. कॉलनीतल्या माणसांची माया तेवढी तिने त्यात धरली नव्हती.

कॉलनीने स्वतःचा हिशोब केला. नवरा गेस्ट हाऊसवर, बायको दार लावून आत, हळदीकुंकवालाही आली नाही. भांडण. आणि चांगलंच मोठं.

पाचव्या दिवशी दुपारी चारला बेल वाजली.

“रोहिणी, अगं ए रोहिणी! दार उघड. तू आली नाहीस, म्हणून आम्हीच हळदीकुंकू घेऊन आलोय.”

रोहिणी सोफ्यावरून उठली आणि उभीच राहिली. दाराच्या वरच्या झडपेतून उजेड आत येत होता. ती झडप बंद करायची राहून गेली होती.

“झोपलेय मी, वहिनी.”

“झोपलेली माणसं बोलत नसतात. हे बघ, यादीत त्रेसष्ट घरांवर लस पोचल्याची खूण झाली, तुझं एकच राहिलंय. सिस्टर उद्या यादी मागणार. आणि सुहासभावजींचं म्हणशील तर मी स्वतः गेस्ट हाऊसवर फोन करते. कशावरून झालं एवढं?”

“भांडण नाही झालं हो.”

“सगळ्या असंच म्हणतात,” मागून कोणीतरी म्हणालं आणि पाच-सहा जणी हसल्या. हसणं झडपेतून आत आलं. रोहिणी मागे सरकत भिंतीला टेकली. तोंडावर घट्ट पदर धरून ती किती श्वास घेतले ते मोजू लागली.

“बरं, दार नको उघडूस. झडपेतून पुडी टाकते आणि इथूनच गप्पा मारते. अर्धा तास बोलले तरी पुरे, डॉक्टरच म्हणालेत.” वहिनींच्या बांगड्या झडपेपाशी वाजल्या.

“वहिनी, मागे व्हा!”

हा आवाज कॉलनीने कधी ऐकला नव्हता.

“माझं मूत्रपिंड बदललंय. माझी प्रतिकारशक्ती दाबलेली आहे. तुमचा श्वास मला चालणार नाही. सगळ्या मागे व्हा, फाटकापर्यंत. पाया पडते तुमच्या.”

पायऱ्यांवर चपलांची एकच पळापळ झाली. मग फाटकापासून वहिनींचा आवाज आला, आणि त्यात चढ नव्हता.

“सभेत का नाही बोललीस गं? थांबवलं असतं मी सगळं.”

“म्हणूनच नाही बोलले.”

वहिनी पदराने तोंड झाकून उभ्या होत्या. इतकी वर्षं कॉलनीतल्या आजारपणांची खडानखडा माहिती ठेवणाऱ्या बाईला एक अख्खं मूत्रपिंड कळलं नव्हतं.

“चार दिवस राहिलेत,” शेवटी त्या म्हणाल्या. “या दाराकडे कोणी फिरकणार नाही, मी बघते. रोहिणी, त्या गोळ्या तरी कसल्या गं, एवढं करणाऱ्या?”

रोहिणीने आतूनच नावं सांगितली. “अवयव बदललेल्यांनाच देतात असं नाही,” ती म्हणाली. “असली औषधं आणखीही दुखण्यांवर देतात. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तेव्हासुद्धा.”

हळदीकुंकवाचं ताट धरून उभ्या असलेल्या कदम मावशींनी ते फाटकाच्या खांबावर ठेवलं. हॉलमध्ये त्या पहिल्या रांगेत, वहिनींना खेटून बसल्या होत्या. काल रात्रीपासून अंगात कसर होती, पण सणासुदीची दगदग म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

“अहो वहिनी,” त्यांनी हळूच विचारलं, “माझी ती दर रविवारची संधिवाताची गोळी... तुम्ही फॉर्ममध्ये लिहिली होतीत ना?”