चारला अडकणारा लॅपटॉप

"अहो, पॉवरचं बटण दाबून धरू नका! गळा दाबताय तुम्ही लॅपटॉपचा!"

स्टाफरूममध्ये मी इतक्या जोरात ओरडले की त्या नव्या सरांचा चहा बशीत सांडला. बोट मात्र त्यांनी लगेच उचललं... एवढ्यावरच मला माणूस बरा वाटला.

मयुरेश सर. गाव देवळा, विषय अर्थशास्त्र. आणि मी संपदा, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. इथल्या सगळ्या मशीनवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम मीच हट्टाने घातलीय, त्यामुळे कुणाचंही मशीन अडकलं की पहिली मी चिडते.

"मग करायचं काय, मॅडम?"

"चुचकारायचं. ही तीन बटणं धरून ठेवायची आणि एकेक अक्षर दाबायचं. मध्ये थोडं थांबायचं, म्हणजे ते हातातलं काम आवरतं आणि नीट बंद होऊन पुन्हा सुरू होतं."

सरांनी प्रयत्न केला. "बोटं पुरत नाहीत हो."

"धरा तुम्ही. अक्षरं मी दाबते."

मधल्या थांबण्यात त्यांची करंगळी माझ्या करंगळीला लागली, ती... जागा कमी होती म्हणून, असं समजू या.

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर तो लॅपटॉप रोजच अडकायला लागला. बरोबर चारला, चहा आला की! मी रॅम बदलली, लिनक्स नव्याने घातलं, शेवटी पंख्याची धूळसुद्धा पुसली. खोटं कशाला बोलू, चार वाजायची वाटही बघू लागले.

शुक्रवारी प्राचार्या मालिनीबाईंनी बोलावलं. "संपदा, तुझ्या लिनक्सने सरांचं काम बंद पाडलंय. सोमवारी कारण सांग, नाहीतर लॅबमधल्या सगळ्या मशीनवरून ते काढून टाकू."

एवढ्या वर्षांची माझी मेहनत!

सोमवारी मी चार वाजायच्या आधीच सरांच्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडून बसले. कुठला प्रोग्रॅम किती मेमरी खातोय, ते त्यात दिसतं. चार वाजले आणि एक नाव भराभर वर चढलं. 'चहा'! असला प्रोग्रॅम जगात कुणी विकत नाही. हा घरी केलेला होता.

"सर, हे काय?"

सर कानापर्यंत लाल. "ते... दिवाळीच्या सुट्टीत शिकलो."

"मशीन अडकवायला?"

"तुम्हाला बोलवायला."

"चहाला चला म्हणायचं की सरळ!"

"म्हणायला जातो ना... तर मीच अडकतो."

"आणि तुमच्यापायी माझी लॅब हातची चाललीय, त्याचं काय?" माझा आवाज रडवेला झाला, तो मलाच आवडला नाही.

सरांना हे ठाऊकच नव्हतं. ते ताडकन उठले आणि थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसले. मागोमाग मी.

"मॅडम, लिनक्सचा दोष नाही. मशीन मीच मुद्दाम बंद पाडत होतो. मला संपदा मॅडम... लय आवडतात."

घाबरले की सरांच्या तोंडून देवळा बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

मालिनीबाईंनी चष्मा काढला. "लॅब आहे तशी राहू दे. आणि संपदा, तुझं काय?"

माझं? तोंड उघडं आणि शब्द एक नाही. चक्क अडकले!

"घाई नाही," सर हळूच म्हणाले. "मध्ये थांबायचं असतं ना? मी थांबतो."

मी सरांचा लॅपटॉप उचलून लॅबमध्ये आले. तो प्रोग्रॅम उघडला, त्यातलं मेमरी खाणं काढून टाकलं. चारची वेळ ठेवली. सोमवार ते शुक्रवार होतं, त्यात रविवार घातला.

मागे उभे राहून सर वाचत होते. "रविवारी कॉलेज बंद असतं, मॅडम."

"गंगापूर रोडवरचा चहा चालू असतो," मी म्हणाले. "आणि तिथे मला मॅडम म्हणायचं नाही."