पिकअपचं इंजिन

जवळ सरका. आणि तो मोबाइल उलटा ठेवा रे, उजेड डोळ्यात जातो.

भूतबीत मानणाऱ्यातला मी नाही, हे आधीच सांगतो. पण हे घडलं माझ्या मेव्हण्यांच्या बाबतीत, धाकट्या बहिणीच्या यजमानांच्या. जनावरांचे डॉक्टर. थापा मारायची कलाच नाही त्या माणसात. बहिणीनं हौसेनं केस कापून घेतले, तर "पूर्वीचे बरे होते" म्हणून तोंडावर सांगून मोकळे झाले.

डॉक्टरांकडे जुनी जीप होती, चारही चाकांना ताकद जाणारी. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत दुसरं काही चढायचं नाही. बॉडी ठणठणीत, पण पेट्रोल इंजिनानं मान टाकलेली. एकदा वरच्या वस्तीत गाय अडली होती आणि जीप अर्ध्या चढावर बंद पडली. डॉक्टर बॅग घेऊन धावत पोचले, तोवर वासरू गेलं होतं. ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी जीप मिस्त्रीच्या दारात.

मिस्त्री त्यांचा शाळासोबती. म्हणाला, "नवी गाडी घे म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. हिच्यातच डिझेल इंजिन बसवू."

भंगारात एका पिकअपचं इंजिन मिळालं. काम मात्र घाम काढणारं. डिझेल इंजिन उंच आणि जड, म्हणून ते ज्यावर बसतं ते जुने आधार कापून नवे वेल्ड केले. इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, तर मध्ये जाड लोखंडी प्लेट बनवून घातली. रेडिएटर मोठा घातला, बॅटरी मोठी घातली. एवढं होऊन बॉनेट लागेना. शेवटी पत्रा कापून वर फुगवटा काढला. "टेंगूळ आलं की बिचारीला," बहीण म्हणाली.

पण इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. चढ तर असा खायला लागलं, की डॉक्टर लहान मुलासारखे हसत सुटले.

एकच गोष्ट राहिली. उतारावर पाय सोडला, की इंजिन एक लांब हुंकार द्यायचं. हूंऽऽ... गोष्ट ऐकताना माणूस देतो ना, अगदी तसा. मिस्त्रीनं पंप उघडला, नॉझल बदलले, सायलेन्सर बदलला. आवाज काही गेला नाही.

"असू दे," तो म्हणाला. "तू आलास हे तुझ्या बायकोला लांबूनच कळेल."

आता नीट ऐका.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे सव्वाअकरा. डॉक्टर वरच्या वस्तीवरून परतत होते. त्या रस्त्यानं नव्या इंजिनाची ही तिसरी खेप. गाय सुखरूप सुटली होती, त्यामुळे स्वारी खुशीत. धुकं मात्र असं, की दिव्यांपुढे नुसती पांढरी भिंत. अर्ध्या उतारावर एक मोठं वळण आहे. तिथे त्यांनी पाय सोडला.

हूंऽऽ...

डाव्या कडेला एक बाई उभी होती.

डोक्यावरून शाल. हात वर. कुणाचं तरी जनावर आजारी असेल, म्हणून डॉक्टरांनी गाडी थांबवली. ते काच खाली करणार, तोच डावं दार उघडलं. आणि अगदी घरच्या आवाजात ती म्हणाली,

"अहो, केवढा उशीर!"

गार हवा आत आली. बाई वाकली. तिनं डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे... हे कुठायत?"

डॉक्टरांनी डोळे मिटले असतील तेवढेच. उघडले तर...

दार सताड उघडं. बाहेर धुकं. बाकी काही नाही.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. बहिणीनं खोदखोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. "दमलात तुम्ही," ती म्हणाली. पण दिवा तिनंही मालवला नाही.

शुक्रवारी उन्हं असताना डॉक्टर पुन्हा त्या वळणावर गेले. वळणापासून थोडं खाली, रस्त्याकडेला एक बसकं घर होतं. पायरीवर पन्नाशीचा माणूस बसला होता. तो जीपकडे बघतच नव्हता. डोळे मिटून ऐकत होता.

"तिसऱ्यांदा गेलात काल तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्ही... ओळखता ही गाडी?"

"गाडी नाही. इंजिन. नऊ वर्षं चालवलंय मी."

तो ड्रायव्हर होता. याच इंजिनाच्या पिकअपमधून डोंगरापलीकडच्या बाजारात भाजी न्यायचा, रात्री घाट उतरून परतायचा. इंजिनाचा हुंकार ऐकला की त्याची बायको घरातून निघायची आणि चढून वळणावर यायची. तिथून घरापर्यंत गाडीत बसून यायची. तेवढ्याशा वाटेवर दिवसभराचं सगळं सांगून व्हायचं.

"एका रात्री असंच धुकं होतं," तो म्हणाला. "मला डुलकी लागली नव्हती, डॉक्टर. देवाशप्पथ. ती फक्त... दिसली नाही. दिसली तेव्हा..."

त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले.

"त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी भंगारात घातली. म्हटलं, आवाज तरी कानावर नको." त्यानं मागे दाराकडे पाहिलं. "आता तुम्ही वळणावर आलात, की माझी आतली कडी निघते. मी अंथरुणात असतो. कडी आपोआप निघते, आणि दार उघडतं."

डॉक्टर जायला वळले. गाडी पुन्हा या रस्त्यानं आणणार नाही, असं काहीतरी म्हणाले. तेव्हा त्या माणसानं त्यांचा हात धरला.

"एकदा मला चालवू द्या. ती माझीच वाट बघतेय हो."

नाही म्हणवेना. त्याच रात्री अकराला डॉक्टर जीप घेऊन गेले. ड्रायव्हरनं चाक हातात घेतलं. डॉक्टर मागच्या बाकावर बसले. पुढची डावी जागा मोकळी ठेवली. जीप वर नेली, वळवली, आणि उतरायला लागली.

वळण आलं. त्यानं पाय सोडला.

हूंऽऽ...

त्यानं गाडी थांबवली. अगदी हळू. धुक्यात काही दिसत नव्हतं. डॉक्टर डोळे फाडून बघत होते.

डावं दार उघडलं. ना डॉक्टरांनी उघडलं, ना ड्रायव्हरनं.

मग लागलं.

"बसलीस नीट?" ड्रायव्हर म्हणाला.

गाडी निघाली. तो बोलायला लागला, रोज बोलावं तसा. छपराचा पत्रा बदलला. मांजर व्याली, दोन पिल्लं राहिली. तुझ्या ताईला नात झाली, नाक तुझ्यासारखं आहे म्हणतात... मध्येच तो थांबायचा. ऐकल्यासारखा. एकदा तर हसला. डॉक्टरांना त्याचाच आवाज येत होता. फक्त त्याचा.

घराशी त्यानं इंजिन बंद केलं. सगळं चिडीचूप.

"दिसली नाहीस गं तू मला," तो म्हणाला. "खरंच दिसली नाहीस."

इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या मुठीत होती. आणि तरीही...

हूंऽऽ...

ड्रायव्हर चाकावर डोकं टेकून रडला. मग डोळे पुसले, किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली, आणि मागे न बघता पायऱ्या चढून घरात गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं. डॉक्टर कसे घरी पोचले, ते त्यांनाही सांगता येत नाही. पण मनावरचं ओझं गेल्यासारखं वाटलं म्हणाले. दोघांची भेट झाली. सुटली बाई.

सकाळी दारावर थाप पडली. ड्रायव्हर. चालत आला होता. रात्रभर जागलेले डोळे.

"डॉक्टर, ती कुठे उतरली?"

"म्हणजे? तुमच्याकडेच ना..."

"दार उघडं ठेवून बसलो होतो. उजाडेपर्यंत." त्याचा ओठ हलत राहिला. "आली नाही हो."

दोघांनी एकदमच अंगणात पाहिलं.

जीप फरशीवर उभी होती. फरशी सपाट, गाडी रिकामी. आणि जीप डावीकडे कलली होती. पुढच्या बाजूला, चांगली चार बोटं.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं चाकांतली हवा बघितली, ठीक होती. डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बदलले, जीप सरळ झाली. तो हात धुऊन येईतो पुन्हा कलली. त्यानं दोन्ही बाजूंचे नवेकोरे घातले. पुन्हा तेच. मग तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला, आणि उठल्यावर डॉक्टरांना फक्त एवढंच म्हणाला,

"लोखंडात दोष नाही. कुणीतरी बसल्यावर जेवढी दबते ना... तेवढीच दबलीय."