माळ्यावरची काठी

हर्षदाच्या कानामागे मायापट्टी चिकटवली त्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत ती आपल्या वडिलांवर, अण्णांवर, एकदाही खेकसली नव्हती. इचलकरंजीतल्या त्यांच्या इमारतीत अशी पट्टी लावलेल्या सात जणी होत्या. पुरुष एकही नाही. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांनी मोर्चे काढून मागितलं काय होतं, तर आठवड्याला एक सुट्टी, बदली माणूस आणि भावांची पाळी. सरकारने दिली पट्टी. भावांना ती फार आवडली. निखिलने पुण्यात बसून बहिणीच्या अर्जावर सही ठोकली आणि हात झटकले.

पट्टीची करामत साधी होती. तान्ह्याला पाजताना आईच्या अंगात जो रस पाझरतो, तसलाच रस ती थेंबाथेंबाने रक्तात सोडायची. असहाय माणसाला उचललं, पुसलं, भरवलं, की मेंदूत गोडवा पसरायचा. आधी अण्णांचं अंथरूण बदलताना हर्षदाला ओकारी यायची. आता ती गुणगुणायची.

दरवर्षी व्हायला हवी होती ती तपासणी अखेर तिसऱ्या वर्षी झाली. सांभाळ केंद्राच्या डॉ. इरावती सुतार आल्या. ही पट्टी शोधणाऱ्यांत त्या होत्या. व्हीलचेअरमधल्या अण्णांचे पाय चाचपताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. तीन वर्षांपूर्वी मोडलेलं खुब्याचं हाड कधीच जुळलं होतं. हा माणूस चालायला हवा होता. काठी दिली होती ती कुठंय, त्यांनी विचारलं. हर्षदाने कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं. अण्णांची नजर मात्र नकळत माळ्याकडे गेली.

डॉक्टरांनी स्टुलावर चढून काठी काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली, वरून सुतळीच्या करकचून मारलेल्या तीन गाठी.

"मीच ठेवायला लावली," अण्णा घाईने म्हणाले. "पायात यायची."

हर्षदाला स्वतःचे हात आठवले. स्टूल आठवलं. त्या दिवशी अण्णा एकटे मोरीपर्यंत जाऊन आले होते आणि तिला दिवसभर घास उतरला नव्हता.

"पट्टी काढा, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या औषधाने मी बापाचे पाय बांधले."

डॉक्टरांनी पट्टी सोलून उजेडात धरली. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्याच.

"ही कोरडी आहे, ताई. नवी कुणी आणून दिली नाही का? यातला रस संपून दोन वर्षं झाली असतील."

"मग मला हे कशाने होतंय?"

"मेंदू शिकला. आता त्याला पट्टी लागत नाही."

"उतरवायचं कसं?"

"ते आम्ही शोधलंच नाही. कुणी मागितलं नव्हतं."

त्यांनी काठी अण्णांच्या हातात दिली. अण्णा व्हीलचेअरमधून उठले. एक पाऊल. दुसरं. तिसरं. पाय थरथरले, पण धरून राहिले. हर्षदाला हसायचं होतं. पण मांडीवरून कुणी लेकरू ओढून न्यावं तसा तिच्या पोटात खड्डा पडला.

अण्णांनी मान वळवून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून ते परत खुर्चीत येऊन बसले.

"नाही जमत, बाई," ते डॉक्टरांना म्हणाले. "हर्षे, पाणी पाज गं."

बाप खोटं बोलतोय हे तिला कळलं. कुणासाठी, तेही कळलं. ओरडून रडावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण तोवर पाय स्वयंपाकघरात पोचले होते. तिने पेला त्यांच्या ओठांना लावला, आणि तिच्या अंगभर गोडवा पसरला.