मंगळवारी पुसलेले दोन ठिपके

उत्तराचं काम ऐकून लोकांना हसू यायचं. अमेरिकेत रेडमंडमधल्या एका छोट्या कंपनीसाठी ती जुन्या नकाशांवरची धूळ पुसायची. नकाशा स्कॅन झाला की त्यावरचे शाईचे, बुरशीचे डाग शोधायचे आणि एकेक उडवायचे. तिचा नवरा केदार या कामाला 'नकाशांची लाँड्री' म्हणायचा.

या आठवड्यातला नकाशा डोंगरातल्या एका बंद रेल्वेमार्गाचा होता, शंभर वर्षांपूर्वीचा. तिथल्या कोळशाच्या खाणी कधीच बंद पडल्या होत्या आणि रुळांच्या जागी आता पायवाट होती. शनिवारी केदार आठ वर्षांच्या अनयाला घेऊन तिथेच हाइकला गेला, फोनवर बायकोनेच धुतलेला नकाशा घेऊन.

दुपारी तिने सहज त्याच नकाशाची दुसरी छापील प्रत उघडली. मंगळवारी पुसलेले दोन ठिपके याही प्रतीत होते, अगदी त्याच जागी. म्हणजे ती धूळ नव्हतीच. अर्धा काळा चौकोन म्हणजे खाणीत उतरणारा खोल खड्डा, वाटेला अगदी लागून. शेजारचा इवलासा काळा चौकोन म्हणजे कुणाचं तरी घर.

तिने घाईघाईने खड्डा परत जागेवर टाकला. घराचं तिला सुचलंही नाही. केदारचा फोन लागेना. एकामागून एक चौदा वेळा लावला.

शेवटी त्याचाच आला, गाडीतून.

"अगं, निघालोय आम्ही. एके ठिकाणी शॉर्टकट मारणार होतो, तर एक म्हातारबुवा हात पसरून आडवेच आले. बघतो तर काय, गवतात हा एवढा खड्डा! तळ दिसेना."

उत्तराला रडूच फुटलं. "कोण होते रे ते?"

"काय माहीत. भर दुपारी हातात कंदील! जरा कन्फ्यूज्ड वाटले, यार. म्हणाले, मंगळवारपासून घरच सापडत नाहीये..."

मागून अनया म्हणाली, "आई, ही वॉज सो सॅड. आय टोल्ड हिम ही कॅन लिव्ह विथ अस."

उत्तराने फोन ठेवला, घराचा ठिपका जागेवर बसवला, सेव्ह केला. दोनदा तपासला.

तासाभराने गाडी दारात थांबली. केदारचं दार लागलं. अनयाचं लागलं. उत्तरा घराचं दार उघडायला गेली आणि तिथेच थबकली.

गाडीचं तिसरं दार लागलं... हळूच, पाहुण्याने लावावं तसं.